एक कथासंग्रह आणि त्याचे वाचक

१९६३ साली मराठीत एक कथासंग्रह प्रसिद्ध झाला. त्याचे नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती’. लेखक बाबूराव बागूल यांचे हे पहिलेच पुस्तक होते आणि त्यात दहा कथा होत्या. पुस्तक आकाराने लहान. परंतु ते वाचल्यावर मराठी वाचक एका सुरात बोलले नाहीत. काही वाचक हादरले, काहींना ते भडक वाटले, काहींनी त्याचे नाव ‘दलितांचे महाकाव्य’ असे ठेवले. आपल्या आयुष्याविषयी छापील अक्षरांत कोणीतरी बोलले आहे, असे प्रथमच वाटलेले वाचकही होते. कथा त्याच, शब्द तेच आणि भाषाही एकच. तरीही प्रतिसादांत एवढे अंतर का पडावे, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

आपल्याकडील जुन्या काव्यशास्त्रात चांगल्या वाचकासाठी ‘सहृदय’ असा सुंदर शब्द आहे. कवीच्या हृदयाशी ज्याचे हृदय जुळते तो सहृदय. ज्या समाजात लेखक आणि वाचक एकाच वाड्यात, एकाच वस्तीत, एकाच शाळेत वाढलेले असतात, तेथे असे जुळणे फारसे कठीण नसते. पण लेखक ज्या वस्तीत राहतो त्या वस्तीत वाचकाने कधी पाऊलच टाकले नसेल, तर? किंवा वाचकाने आजवर जी पुस्तके वाचली त्यांत त्याच्या स्वतःच्या वस्तीचे नावही आले नसेल, तर? बागुलांच्या संग्रहाने मराठी साहित्यापुढे हा प्रश्न उभा केला.

बाबूराव बागूल यांचा जन्म १९३० साली नाशिकजवळील विहितगाव येथे झाला. लहानपणीच ते मुंबईला आले आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात वाढले. गिरण्या, गोदी, कारखाने, नगरपालिकेची सफाईची कामे यांवर पोट भरणारी माणसे त्या वस्तीत राहत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार आणि कामगार चळवळ या दोन्हींचे वारे तेथे वाहत होते. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण घेऊन बागुलांनी पोटासाठी निरनिराळ्या नोकऱ्या केल्या. त्यांपैकी एक रेल्वेतील होती. त्या नोकरीच्या निमित्ताने ते गुजरातेत सुरतेला गेले आणि तेथे भाड्याची खोली मिळवण्यासाठी त्यांना आपली जात लपवावी लागली. संग्रहाच्या शीर्षककथेचे मूळ या अनुभवात आहे.

ही कथा आधी थोडक्यात पाहू. कथेतील निवेदक मुंबईचा तरुण आहे. त्याला वाचनाची आवड आहे, तो कविता करतो. रेल्वेत नोकरी लागल्याच्या आनंदात तो परक्या गावी येतो. राहायला जागा हवी म्हणून तो रणछोड नावाच्या सहकाऱ्याकडे चौकशी करतो, तेव्हा पहिला प्रश्न येतो तो जातीचा. निवेदक या प्रश्नाने चिडतो आणि आपण नव्या भारताचे नागरिक आहोत, अशा थाटात त्याला उलट झापतो. त्याचा आवेश पाहून रणछोडच वरमतो. हा कोणी मोठ्या जातीचा असणार, असा त्याचा समज होतो. निवेदक तो समज दूर करीत नाही. तेथून त्याचे दुहेरी जगणे सुरू होते. तिवारी नावाचा सहकारी त्याच्या कवितेवर लुब्ध होऊन त्याला घरी जेवायला नेतो. निवेदकाला तेथे मान मिळतो, पण घास गिळवत नाही. याच कामावर काशीनाथ सकपाळ नावाचा दुसरा तरुण आहे. त्याने आपली जात लपवलेली नाही. अपमान झाला की तो तेथल्या तेथे उलटतो, प्रसंगी सुरा काढतो. अखेर निवेदकाची जात उघड होते, कालपर्यंत त्याला मान देणारी माणसे त्याच्यावर तुटून पडतात आणि काशीनाथच त्याला सोडवतो. मार खाल्लेला निवेदक शेवटी जे बोलतो त्याचा आशय असा, की मला मारणारी ही माणसे नव्हेत. मारले ते मनूने.

१९६३ सालच्या सामान्य मराठी वाचकाच्या हाती ही कथा पडली तेव्हा त्याच्या मनात कथेची एक ठरावीक कल्पना होती. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी मराठी कथेला नवे वळण दिले होते. त्या कथेला ‘नवकथा’ म्हणतात. घटनांपेक्षा मनाच्या हालचाली महत्त्वाच्या, सांगण्यापेक्षा सुचवणे श्रेष्ठ, लेखकाने शब्दांचा तोल राखावा, अशी वाचकांची अभिरुची या कथेने घडवली. गरीब आणि गावकुसाबाहेरची माणसे मराठी कथेत नव्हतीच, असे मात्र नाही. माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ या १९४९ सालच्या पुस्तकात ती होती. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी आणि शंकरराव खरात यांचे ‘बारा बलुतेदार’ ही दोन्ही पुस्तके १९५९ साली आली होती. वाचकाला ही माणसे परिचित होती आणि त्यांच्याविषयी त्याला जिव्हाळाही वाटत होता.

बागुलांच्या कथेने हा जिव्हाळा पुरेसा नाही, असे वाचकाला जाणवून दिले. तिच्यातील वस्ती बहुधा शहरातील आहे आणि माणसे कोणाची कणव मागत नाहीत. ‘विद्रोह’ या कथेत मैला वाहण्याचे वंशपरंपरागत काम मुलाने पत्करावे, असा घरच्यांचा आग्रह आहे आणि शिकलेल्या मुलाचे मन त्याविरुद्ध पेटून उठले आहे. ‘वाटेवरची’ या कथेत शरीर विकून जगणाऱ्या एका आईला आजारी मुलाकडे जाण्यापुरते पैसे त्याच रात्री मिळवायचे आहेत. ‘काळोखाचे कैदी’ या कथेत एका बड्या देशमुखाने ठेवलेल्या स्त्रीवर, तो मरताच, त्याच्याच घराण्यातून संकट कोसळते. या कथांतील भाषा हलक्या आवाजात बोलत नाही. वाक्ये लांबत जातात, उपमांवर उपमा येतात, राग शब्दांतून ओसंडतो. नवकथेचा संयम अंगवळणी पडलेल्या वाचकाला हे सारे अंगावर आल्यासारखे वाटले.

म्हणूनच या संग्रहावर जे आक्षेप घेतले गेले त्यांत दोन पुन्हा पुन्हा भेटतात. एक, की या कथा भडक आणि नाट्यमय आहेत. दुसरा, की त्या अतिरंजित आहेत, वास्तव एवढे भीषण नसते. वरवर पाहता हे दोन्ही आक्षेप सारखेच वाटतात. त्यांची जात मात्र निराळी आहे आणि तो फरक नीट ओळखला पाहिजे.

पहिला आक्षेप कलेविषयीचा आहे. तो निराधार म्हणता येत नाही. काही कथांत संकटांची रास एवढी उंच होते, की वाचकाला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही आणि पात्रांच्या तोंडी लेखकाचे भाषण ऐकू येऊ लागते. ‘काळोखाचे कैदी’ वाचताना ही उणीव जाणवते. ‘वाटेवरची’ त्या मानाने सरस आहे. कारण तेथे एका रात्रीची आणि एका गरजेची गोष्ट आहे आणि लेखकाला वेगळे काही बोलावे लागत नाही. शीर्षककथेतही आवेश पुष्कळ आहे. पण तो आवेश निवेदकाच्या स्वभावाचा भाग आहे. जो माणूस खरे सांगू शकत नाही तो मोठ्या आवाजात बोलतो, हे कोणीही अनुभवाने जाणतो. रणछोडवर निवेदक जे डाफरतो त्यात अभिमान किती आणि भीती किती, हे वाचकाने ठरवायचे आहे. अशा ठिकाणी मोठा आवाज हा दोष राहत नाही.

दुसरा आक्षेप कलेविषयीचा नाहीच. ‘असे घडत नाही’ हे विधान पुस्तकाविषयी नसून जगाविषयी आहे आणि ते विधान करणारा माणूस जगात कोठे उभा आहे, यावर त्याची किंमत ठरते. भारताची राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली अस्पृश्यता पाळण्याला शिक्षा सांगणारा कायदा झाला. संग्रह आला तो त्यानंतर आठ वर्षांनी. कायद्याने जे संपले ते व्यवहारातही संपले असणार, अशी पुष्कळ सुस्थित वाचकांची प्रामाणिक समजूत होती. त्यांना खोली शोधताना कोणी जात विचारली नव्हती. आडनाव सांगताच दार उघडत होते. दार उघडत असल्यामुळे दाराला कडी आहे, हेच त्यांच्या लक्षात आले नव्हते. कथेत ती कडी वाजली तेव्हा त्यांना तो आवाज अवास्तव वाटला.

आता दुसऱ्या बाजूचे वाचक पाहू. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली त्या वेळच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे ‘मिलिंद’ या नावाने ओळखले जाणारे महाविद्यालय सुरू झाले. दोन्ही डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीची. १९५६ साली नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला. या घडामोडींतून दलित समाजात वाचणाऱ्यांची एक नवी पिढी तयार झाली. घरातील पहिलाच शिकलेला मुलगा, दिवसा काम करून रात्रशाळेत जाणारा कामगार, वसतिगृहात राहणारा विद्यार्थी असे हे वाचक होते. पाठ्यपुस्तकांतील कथा त्यांनी वाचल्या होत्या, आवडीनेही वाचल्या होत्या. परंतु त्या कथांतील ‘मी’ त्यांचा नव्हता. सणावाराच्या, मामाच्या गावाच्या, चौसोपी वाड्याच्या आठवणी सांगणारा तो ‘मी’ होता. बागुलांच्या शीर्षककथेतील ‘मी’ भाड्याच्या खोलीसाठी खोटे बोलत होता आणि त्या खोट्याच्या ओझ्याने वाकत होता. हा ‘मी’ त्यांनी ओळखला.

या ओळखीचे परिणाम पुढील काळात दिसतात. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक सुरू झाले आणि अनेक नव्या लेखकांना हक्काची जागा मिळाली. १९६९ साली बागुलांचा ‘मरण स्वस्त होत आहे’ हा दुसरा संग्रह आला. १९७२ साली दलित पँथर ही संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ आले. हे सारे एका पुस्तकामुळे घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; साहित्याचा इतिहास इतका सरळ चालत नाही. परंतु आपले जगणे हा लिहिण्याचा विषय होऊ शकतो, हा विश्वास ज्या पुस्तकांनी दिला, त्यांत या संग्रहाचे स्थान फार वरचे आहे. वाचकाच्या प्रतिसादाचे हेही एक रूप होय. पुस्तक मिटून तो स्वतः लिहायला बसतो.

‘दलितांचे महाकाव्य’ ही प्रशंसा मात्र थोडी तपासून घ्यावीशी वाटते. महाकाव्यात नायक असतो, पराक्रम असतो, शेवटी काही तरी सिद्धीस जाते. या कथांतील बहुतेकांना नायक होण्याची संधीच मिळत नाही. शीर्षककथेचा निवेदक तर पराक्रमापासून दूर पळतो. त्याला महाकाव्याच्या उंचीवर नेऊन बसवले, की त्याची धांदल, त्याची लटपट, कवितेची स्तुती ऐकताना त्याला झालेला आनंद आणि त्या आनंदाची त्याला वाटलेली लाज हे सारे बारीक रेषांचे चित्र पुसले जाते. अतिस्तुतीदेखील कधी कधी न वाचण्याचाच एक प्रकार ठरते.

या कथेविषयी वाचकांत सर्वांत अधिक वाद होऊ शकतो तो निवेदक आणि काशीनाथ यांच्यावरून. कोणी म्हणेल, निवेदक भित्रा आहे. त्याने पहिल्याच दिवशी जात सांगायला हवी होती. कोणी म्हणेल, सांगून काशीनाथला काय मिळाले? रोजचा अपमान आणि कमरेला सुरा. परगावी नोकरीसाठी गेलेला, रेल्वे फलाटावर रात्र काढलेला, ‘आमच्याकडे फक्त कुटुंबवाल्यांना खोली देतो’ किंवा ‘तुमच्या लोकांना देत नाही’ अशी उत्तरे ऐकलेला वाचक निवेदकाला सहजासहजी भित्रा म्हणणार नाही. उलट ज्याने आयुष्यभर आपले नाव मान वर करून सांगितले आणि त्यासाठी किंमत मोजली, त्याला काशीनाथच जवळचा वाटेल. दोघांच्याही प्रतिसादांत त्यांचे आयुष्य उतरलेले आहे. प्रौढ वयात पुस्तक हाती घेणाऱ्याजवळ ही शिदोरी असतेच; शाळकरी वयाच्या वाचकाजवळ ती नसते.

मात्र ही शिदोरी कथेपेक्षा जड होऊ देता कामा नये. स्वतःचा अनुभव आठवता आठवता वाचक कथा सोडून देतो आणि आपलीच गोष्ट सांगू लागतो, असे पुष्कळदा घडते. अशा वेळी पुन्हा कथेकडे वळून विचारावे, की हे कथेत कोठे आहे? निवेदक भित्रा आहे, असे ज्याला वाटते त्याने रणछोडशी झालेला संवाद पुन्हा वाचावा. तेथे निवेदक आधी खोटे बोलतच नाही. तो फक्त प्रश्नाला उत्तर देण्याचे नाकारतो. जात विचारणेच चूक आहे, असे तो म्हणतो आणि ते बरोबरच आहे. खोटे जन्माला येते ते ऐकणाऱ्याच्या समजुतीतून आणि निवेदकाच्या मौनातून. काशीनाथ थोर आहे, असे ज्याला वाटते त्याने हे पाहावे, की दोघेही एकाच समाजाचे असूनही निवेदक बराच काळ काशीनाथच्या बाजूने उघडपणे उभा राहू शकत नाही. त्याच्या अपमानाच्या वेळी निवेदक तेथे असतो आणि ओळख देत नाही. कथेतील खरी शोकांतिका मारहाणीत आहे की या गप्प राहण्यात, याचा निर्णय सोपा नाही.

शेवटच्या उद्गाराबद्दलही असाच विचार करावा लागतो. मनू म्हणजे ‘मनुस्मृती’ या ग्रंथाचा कर्ता मानला गेलेला स्मृतिकार. जातिव्यवस्थेला आणि तीतील उच्चनीचतेला या ग्रंथाने आधार दिला, म्हणून २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्याचे दहन करण्यात आले. ही पार्श्वभूमी ज्या वाचकाला ठाऊक होती त्याला कथेचा शेवट एका क्षणात उलगडला. ज्याला नव्हती त्याला तो कोड्यासारखा वाटला. पण ठाऊक असणाऱ्यांतही एकमत होणे अवघड आहे. मारणाऱ्यांना क्षमा करणारा हा उद्गार आहे, असे म्हणता येईल. रणछोड आणि इतर हे केवळ हात आहेत, त्यांना हलवणारा निराळाच आहे. याउलट, निवेदक येथेही समोरच्या माणसांना थेट दोष देण्याचे टाळतो, असेही कोणी म्हणेल. सुरा हातात असलेल्या काशीनाथला हे उत्तर पुरेसे वाटले असेल का, हा प्रश्न उरतोच. कथा त्याचे उत्तर देत नाही. आरोप मात्र वाढत जातो. रेल्वेच्या कामावरच्या चार माणसांपाशी थांबला असता तो तेथेच संपला असता. हजारो वर्षांच्या एका नियमावर तो गेल्यामुळे ती कथा वाचणाऱ्या प्रत्येकाला स्वतःपुरते पाहावे लागते, की हा नियम आपल्या घरात अजून चालतो की काय.

संग्रहाकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी पुढील काळात पुढे आली. या कथांत स्त्रिया पुष्कळ आहेत आणि त्यांच्या वाट्याला आलेले दुःख लेखकाने कोठेही झाकलेले नाही. तरी त्या बहुधा आई, ठेवलेली बाई, देह विकणारी बाई अशा रूपांत दिसतात आणि त्यांचे दुःख सांगणारा आवाज पुरुषाचा असतो. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि ऊर्मिला पवार यांचा ‘सहावं बोट’ हा कथासंग्रह ही पुस्तके १९८० नंतरच्या दशकात आली आणि दलित स्त्री स्वतःच्या शब्दांत स्वतःविषयी बोलू लागली. ती पुस्तके वाचून जो वाचक पुन्हा बागुलांकडे वळतो त्याला त्यांच्या कथांतील बायका अपुऱ्या वाटू शकतात. १९६३ साली हा प्रश्न कोणाला सहसा सुचला नसता. पुस्तक तेच राहते; वाचक मधल्या काळात इतर पुस्तके वाचून येतो.

शीर्षकाविषयी थोडे अधिक सांगायला हवे. जात ‘लपवली’ असे न म्हणता ‘चोरली’ असे लेखकाने का म्हटले असावे? मराठीत चोरणे या क्रियापदाची वापरण्याची तऱ्हा मोठी विलक्षण आहे. आपण दुसऱ्याचे पैसे चोरतो, पण नजर चोरतो ती स्वतःची. अंगचोर माणूस काम टाळतो. आणि गर्दीत किंवा परक्या घरात आपला स्पर्श कोणाला होऊ नये म्हणून आक्रसून बसणारा माणूसही अंग चोरूनच बसतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना इतरांच्या सावलीपासूनही दूर राहावे लागले त्यांच्या बाबतीत ‘अंग चोरणे’ या शब्दप्रयोगाला किती जुना इतिहास आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. जात चोरणे हा प्रयोग या साऱ्या प्रयोगांच्या रांगेत येऊन बसतो. त्यात लपवण्याचा अर्थ आहे, आक्रसण्याचा आहे आणि चोरीचा गुन्हाही आहे. स्वतःचीच वस्तू लपवल्याबद्दल ज्याला चोर ठरवले जाते, असा हा चोर. मराठी वाचक हे नाव वाचतो तेव्हा हे सारे अर्थ त्याच्या कानात वाजतात, त्याला ते समजावून द्यावे लागत नाहीत.

बाबूराव बागूल यांचे २६ मार्च २००८ रोजी निधन झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१८ साली, जेरी पिंटो यांनी केलेला या संग्रहाचा इंग्रजी अनुवाद पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आणि कथा एका नव्या वाचकवर्गापर्यंत पोहोचल्या. इंग्रजी शीर्षकात ‘लपवली’ या अर्थाचे साधे क्रियापद आहे. चोरीचा ध्वनी त्यात आणणे त्या भाषेत बहुधा शक्यही नव्हते. त्या वाचकांना रणछोड, तिवारी आणि सकपाळ या नावांवरून माणसांचे प्रांत आणि जाती मराठी वाचकाइतक्या झटकन ओळखता येत नाहीत. त्यामुळे कथेतील अनेक गोष्टी त्यांना थांबून विचाराव्या लागतात. खोली भाड्याने देताना आडनाव का विचारतात, हा त्यांतलाच एक प्रश्न. मराठी वाचकाला तो सहसा पडत नाही, कारण त्याचे उत्तर त्याला लहानपणापासून ठाऊक असते.